कांड्याची गाडी : मागचे पाय गेलेल्या कुत्र्यासाठी सोलापुरात बनवून घेतलेल्या चाकगाडीबद्दल

मागचे पाय गेलेल्या कुत्र्यासाठी सोलापुरात चाकांची गाडी मिळते का, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून टाकते. मिळते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूम दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, ते बनवून देतात. दुकान नाही, पाटी नाही. पत्र्याचं शेड, बाहेर भंगारातले बीम (मागावर सूत गुंडाळायचे रूळ) रचलेले, आत लेथ आणि वेल्डिंगचं सामान. आमच्या गाडीचे साडेतीन हजार घेतले, त्यात नंतरच्या फिटिंगाही आल्या. पैसे वसूल झाले का? झाले. पण गाडी आणली की कुत्र्याचं भागलं, असं समजून कुणी निघालं असेल तर आधी हे शेवटपर्यंत वाचा.

मिस्त्रींचं नाव-नंबर देत नाही, कारण त्यांनीच हात जोडले. "अक्का, माग बंद ठेवून मी कुत्र्यांच्या गाड्या करत बसतो असं मालक लोकांना कळलं तर मला कोण काम देणार?" गावातल्या जनावरांच्या दवाखान्यांत चौकशी करा, पत्ता मिळतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको: मिस्त्रींच्या गाड्यांच्या सीटची कापडी कव्हरं आता मी शिवते आणि त्याचे पीसवर पैसे घेते. तेव्हा माझं कौतुक थोडं कापूनच धरा. तक्रारी मात्र पूर्ण धरा.

मी दत्तनगरला राहते. टॉवेलच्या कारखान्यातून माल घरी आणायचा, कडा शिवायच्या, गठ्ठे मोजून परत द्यायचे, हे माझं काम. आमचा कुत्रा कांड्या त्याच कारखान्यातला. सूत गुंडाळायच्या कांड्यांच्या पेट्यांमागे जन्मला म्हणून कामगारांनी नाव ठेवलं. नसबंदी झालेला, कानाला खाच मारलेली. नसबंदी करून कुत्रं जिथून उचललं तिथंच आणून सोडायचं असा नियम आहे, त्यामुळे तो परत गेटवरच आला आणि रात्रपाळीच्या वॉचमनचा जोडीदार झाला. भाकरी नुसती दिली तर हुंगून सोडायचा, शेंगाचटणी लावली की खायचा. (लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्ताला वाईट, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून चटणी बंद. अजून रुसतो.)

सुताचा टेम्पो मागं घेताना कांड्या त्याच्याखाली सापडला. पुढचे पाय शाबूत, तोंड शाबूत, मागचा भाग मात्र पोत्यासारखा ओढत पत्र्याखाली जाऊन बसला. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. बरगड्या संपतात त्याच्या जरा मागे कणा मोडलेला. डॉक्टरांनी मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून जोरात दाबलं आणि पाय झटकन आखडला. वॉचमन खूश झाला, "साहेब, जीव आहे की पायात!" डॉक्टर म्हणाले, "पायाकडं बघू नका, तोंडाकडं बघा." परत दाबलं. पाय परत आखडला, पण कांड्या निवांत खिडकीतून बाहेर बघत होता. मान वळवली नाही, कण्हला नाही. मोडलेल्या जागेच्या खालचा मज्जारज्जू आपल्यापुरता काम करतो, पाय ओढून घेतो. दुखल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. अपघातात कणा मोडून अशी खोलवरची जाणीव गेली असेल तर कुत्रं पुन्हा आपल्या पायावर नीट चालण्याची आशा फार थोडी. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आशेवर ठेवून इंजेक्शनांचे पैसे उकळणारेही असतात.

मग गल्लीतले सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं कंबरेवर बिबवा घाला, कुणी म्हणालं तापल्या सळईनं डाग द्या, बैलाला देतात तसा. ज्या जागी जाणीवच नाही तिथं डाग दिला तर कुत्रं ओरडणार नाही, म्हणून देणाऱ्याला वाटणार उपाय मानवला. आणि ती जखम मग महिनोन् महिने भरायची नाही. एका शेजाऱ्यानं आपल्या गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आयब्रुफेननं पोटात अल्सर होतात, मूत्रपिंड जातं. मांजराला तर साधी पॅरासिटामॉलसुद्धा जिवावर बेतते. "इंजेक्शन देऊन मोकळं करा" म्हणणारे पण होते, आणि त्यांना मी वाईट म्हणणार नाही. कधी कधी तेच बरोबर असतं. पण कांड्या पोटभर खात होता, दुखत नव्हतं, आणि स्कूटर गेली की बसल्या जागेवरून शिव्या घालत होता. डॉक्टर म्हणाले राहू दे. राहिला. माझ्याकडेच.

आता गाडीकडे येते. मिस्त्रींच्या आधी एक तयार गाडी आली होती. पुण्याच्या भाचीनं ऑनलाइन मागवून पाठवली, कंपनीचं नाव घेत नाही. दिसायला देखणी, रंगीत पट्टे, घडी होणारी. माप ठरवायचा तक्ता वजनावर आणि जातीवर: लॅब्रेडॉर, बीगल, पग. आपलं गावठी कुत्रं त्या तक्त्यात कुठंच बसत नाही. पाय लांब, छाती खोल पण अरुंद, पोट वर खेचलेलं, कंबर एवढीशी. वजनावरून गाडी मागवली की उंचीला कमी पडते, उंचीवरून मागवली की रुंदीला कुत्रं आत डुलतं. पण खरा दोष वेगळाच होता. मागचा सगळा भार त्या गाडीत पोटाखालच्या पट्ट्यावर येत होता. ज्याला आपणहून लघवी होत नाही त्याच्या पोटावर पट्टा दाबून कसं चालेल? भार मांड्यांच्या मध्ये, बसायच्या हाडांखाली घेतला पाहिजे. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की वापरलेला माल परत घेत नाही. ती गाडी माळ्यावर आहे. तिची चाकं चांगली आहेत, कुणाला हवी असतील तर सांगा.

मिस्त्रींनी ती तयार गाडी हातात घेऊन फिरवून बघितली, चाक फिरवून कानाला लावलं आणि बाजूला ठेवली. मी माप लिहून नेलं होतं. कागद बघितलासुद्धा नाही. "अक्का, कुत्रं आणा. कागद चालत नाही, कुत्रं चालतंय." दुसऱ्या दिवशी कांड्याला टॉवेलात गुंडाळून रिक्षातून नेला. तिघांनी मिळून माप घेतलं. मी छाती धरली, शेडमधल्या पोरानं कंबर उचलून धरली आणि मिस्त्रींनी टेप लावला. पुढच्या पायाच्या कोपराच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी. कमरेची रुंदी, दोन्ही बाजूंनी दोन बोटं जास्त धरून. जमिनीपासून जांघेपर्यंत उंची. उचलून धरताना पाठ सरळ राहिली पाहिजे, नाही तर उंची खोटी येते. हे ते त्या पोराला तेलुगूत ओरडून सांगत होते आणि पोरगा मराठीत "हो की, धरलंय की" म्हणत होता.

गाडी अशी: अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची दोन्ही बाजूंना चौकट, वरून कमान. मागे सायकलच्या सीटसारखं दोन मांड्यांमध्ये येणारं फोमचं खोगीर, मध्ये जागा मोकळी, म्हणजे शी-लघवी गाडीतच होऊ शकते. खांद्याला नवारीचा पट्टा, छातीखाली दुसरा, बकल बॅगेची असतात तसली. मागचे पाय अडकवायला नवारीच्या कड्या, नाही तर पंजे रस्त्यावर घासून सोलून निघतात. कुत्र्याला कळत नाही, तुम्हाला रक्त दिसल्यावर कळतं. ज्या कुत्र्यांच्या मागच्या पायात थोडा जोर उरलाय त्यांना मिस्त्री कड्या लावत नाहीत. उंची अशी ठेवतात की पंजे जमिनीला जेमतेम टेकावेत, म्हणजे ते पाय मारत राहतात. चाकं बेअरिंगची, खाली थोडी बाहेर फाकवलेली. त्यामुळे वळताना गाडी कलंडत नाही. तयार गाडीत चाकं सरळ होती आणि कांड्या पहिल्याच वळणाला आडवा झाला होता.

पण ज्यासाठी मी या माणसाला मानलं ते पुढे आहे. चाकांचा आस एका जागी वेल्ड केलेला नाही. चौकटीच्या पाइपला ओळीनं भोकं पाडलेली, नटबोल्ट काढून आस पुढे-मागे सरकवता येतो. कांड्याला गाडीत चढवला. तो थिजून उभा राहिला, शेपूट तर हलतच नाही त्याची, पण कान मागे. मिस्त्रींनी माग बसवताना वापरतात ती लेव्हलची बाटली खिशातून काढली आणि कांड्याच्या पाठीवर ठेवली. खरंच ठेवली. बुडबुडा पुढे पळाला, म्हणजे मागची बाजू खाली. उंचीचा बोल्ट एक भोक वर घेतला. बुडबुडा मध्ये आला. मग दोन बोटं खांद्याच्या पट्ट्याखाली घातली. "इथं वजन आहे." आस कमरेच्या मागे राहिला की भार पुढच्या खांद्यांवर येतो, कुत्रं दोन दिवसांत मान टाकतं. आस जास्त पुढे घेतला की मागची बाजू जड होते आणि पट्टा छातीला वर उचलतो. एक भोक पुढे. परत बोटं घातली. अजून एक. मग बोटं सहज फिरायला लागली तेव्हा बोल्ट आवळले. बीमचा तोल बघणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तक्ते छापणाऱ्या कंपनीत कुणी कधी कुत्र्याच्या पट्ट्याखाली बोट घालून बघितलं असेल असं वाटत नाही.

कांड्या दोन पावलं चालला, थांबला, मागे वळून चाकाकडे गुरगुरला. मग शेडच्या दारातून एक मोटरसायकल गेली आणि हा गाडीसकट तिच्या मागे. पोरगा धावला. गेटच्या खांबात चाक अडकलं म्हणून सापडला.

पहिल्या दिवसापासून तासभर फिरवायचं नाही. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, मग काढायची आणि अंग तपासायचं. काखेत, जांघेत, खोगिराच्या कडेला लाली दिसली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी आणि मिस्त्रींना फोन. कांड्याला डाव्या जांघेत लाली आली. रेक्झिनची सीट, सोलापूरचा उन्हाळा, घाम नाही पण लघवीचे थेंब आणि घासणं. मिस्त्रींनी फोम तासून दिला, आणि मी रेक्झिनवर चढवायला टॉवेलची नाडीवाली खोळ शिवली. रोज एक धुवायची, एक वापरायची. ती बघून त्यांनी बाकीच्या गाड्यांसाठीही शिवायला सांगितलं, तो माझा धंदा असा सुरू झाला. दुसरी फिटिंग गाडीच्या किमतीत धरलेली असते, तिसरीलाही त्यांनी पैसे घेतले नाहीत. महिन्याभरात कुत्र्याचे खांदे भरतात, मागच्या मांड्या सुकतात, वजनाची वाटणी बदलते. तेव्हा परत न्यावंच लागतं. घरपोच आलेल्या गाडीला ही सोय कुठून आणणार?

गाडीत कुत्र्याला बसता येत नाही, आडवं होता येत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गाडी लावून "खेळ बाबा" म्हणून आपण कामाला निघून जायचं नाही. नाल्यात पडलं, गाडी उलटली, दुसरं कुत्रं अंगावर आलं तर ते पळूही शकत नाही. कांड्या दिवसातून सकाळ-संध्याकाळ मिळून तासाभर गाडीत असतो. बाकीचे तेवीस तास कसे जातात यावर सगळं आहे, आणि ते मिस्त्रींच्या हातात नाही.

लघवी. कांड्याची मूत्रपिशवी भरते पण आपणहून रिकामी होत नाही. थेंब गळतात, त्यावरून लोकांना वाटतं होतेय की. पिशवी भरून ओसंडलेली असते, लघवी झालेली नसते. दिवसातून तीन-चार वेळा ती हातानं दाबून रिकामी करावी लागते. मांड्यांच्या पुढे, पोटाच्या खालच्या भागात हात घातला की मोसंबीएवढं गोल लागतं. दोन्ही बाजूंनी तळव्यानं, बोटं न रुतवता, दाब हळूहळू वाढवत धरून ठेवायचा. धार सुरू झाली की दाब तसाच, ती संपेपर्यंत. झटके द्यायचे नाहीत, पिशवी फाटू शकते. हे मोबाइलवर बघून शिकू नका. डॉक्टरांनी माझा हात धरून, माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवून दाखवलं, तेव्हा कुठे कळलं की किती दाब. कणा वरच्या बाजूला मोडलेला असेल तर पिशवीचं तोंड घट्ट राहतं, जड जातं. काहींना त्यासाठी गोळ्या द्याव्या लागतात, त्या डॉक्टर ठरवतात. पिशवीत शिल्लक राहिली की संसर्ग. लघवी गढूळ दिसली, उग्र वास आला, कुत्रं जेवेना, की त्याच दिवशी दवाखाना. "उद्या बघू" म्हणायचं नाही.

कातडी. एकाच कुशीवर पडून राहिलं की कमरेच्या हाडावर, घोट्यावर, कोपरावर केस जातात, मग लाल, मग खड्डा. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, रात्री मी पाणी प्यायला उठले की बदलते. पावसाळ्यात उघडी जखम दिसायच्या आत माशी बसते आणि किडे पडतात, म्हणून शेपटीखाली, मांड्यांत रोज हात फिरवून बघायचं, केस कापून ठेवायचे. डायपर लावला की सुटलो, असं नाही. ओला डायपर तासन् तास राहिला की कातडी भाजल्यासारखी होते. मी डायपर फक्त रिक्षातून न्यायचं असेल तेव्हा लावते, लहान मुलांचाच, शेपटीला भोक पाडून.

आणि इथं मला माझ्या गावाबद्दल बोलू द्या. पुण्या-मुंबईचे लोक लिहितात, अंथरूण रोज धुवा. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. रोज धुवायचं कशात? म्हणून अंथरुणाचा हिशेब पाण्यावर बसवावा लागतो. सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, जगात जातात, पण डागी, वीण चुकलेला सेकंडचा माल इथेच किलोवर मिळतो. तो आणा. खाली मेणकापड, त्यावर जुनी चादर घडी करून जाड गादीसारखी, त्यावर टॉवेल. टॉवेल ओला झाला की फक्त तोच बदलायचा. नवा टॉवेल पहिल्यांदा नुसत्या पाण्यातून काढून घ्या, कांजी असते, ती पाणी शोषू देत नाही. लांब लूपचा मऊ टॉवेल दिसायला छान, पण त्यात कुत्र्याची नखं अडकतात, ओढलं की अख्खी ओळ उसवते आणि कुत्रं गुंतून पडतं. आखूड, घट्ट विणीचा नॅपकिनचा माल बघा, जाड नको. जाड टॉवेल वाळायलाच दीड दिवस घेतो पावसाळ्यात. टॉवेलच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

मिस्त्री कामं नाकारतात, हेही लिहायला हवं, कारण पैसे दिसत असताना नाही म्हणणारा माणूस आजकाल दिसत नाही. मी खोळी द्यायला गेले होते तेव्हा एक कॉलेजची मुलगी टोपलीत मांजराचं पिल्लू घेऊन आलेली. पिल्लू चालताना डोलत होतं, पाय उंच उचलून भलतीकडे टाकत होतं, खायला तोंड नेलं की डोकं थरथरत होतं. तिला चार चाकांची गाडी हवी होती. मिस्त्री म्हणाले, आधी डॉक्टरांना दाखवून या. ती दाखवून आली. डॉक्टरांनी सांगितलं, आईच्या पोटात असताना विषाणूमुळे लहान मेंदूची वाढ अपुरी राहते, तोल जातो, पण दुखत नाही आणि आजार वाढतही नाही. अशी मांजरं घरात चांगली जगतात. फरशीवर गुळगुळीत जागा नको, सतरंजी टाका. खाण्याची वाटी जड आणि जरा उंचावर, शी-लघवीसाठी माती भरलेला ट्रे एका बाजूनं कापून बुटका. गाडीत बांधलं असतं तर उलट पिल्लाला तोल सांभाळायला शिकताच आलं नसतं. मिस्त्रींनी त्या मुलीला एका पत्र्याच्या ट्रेची कड कापून, घासून, गोल करून दिली, पैसे घेतले नाहीत. एक पाय कापलेल्या कुत्र्यालाही ते गाडी देत नाहीत. तीन पायांवर कुत्री मजेत पळतात, वजन तेवढं वाढू द्यायचं नाही. आणि पुढचे पाय गेलेल्यांची गाडी मला जमत नाही, असं ते सरळ सांगतात. दोनदा करून बघितली, कुत्रं पुढे तोंडावर जातं.

आता तक्रारी. पहिली, वेळ. आठ दिवस म्हणाले की पंधरा धरा. एखाद्या कारखान्याचा माग बंद पडला की कुत्र्याची गाडी कोपऱ्यात जाते, आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत तर विचारूच नका, मिस्त्री नंदीध्वजाच्या मिरवणुकीत आणि पोरगा पाळण्यांत. दुसरी, गाडीची घडी होत नाही. रिक्षात मागे कुत्रं, मांडीवर गाडी, आणि रिक्षावाला आरशातून बघतोय, अशी वरात निघते. तिसरी, चाकांचा आवाज. डांबरी रस्त्यावर खडखड होते, सकाळी साडेपाचला निघालं की गल्ली उठते. मागितलं तर रबराचं चाक बसवून देतात, पण त्याचे पैसे वेगळे, आणि ते खडीवर झिजतं. चौथी, लहान कुत्र्यांसाठी त्यांची गाडी जड पडते. पाच-सात किलोच्या आतल्या कुत्र्याला अ‍ॅल्युमिनियमची चौकटच ओझं होते, त्यांना पीव्हीसी पाइपची करायला सांगा. सांगितल्याशिवाय ते करत नाहीत, त्यांना पीव्हीसी म्हणजे प्लंबरचं काम वाटतं. पावती मिळत नाही. बोल्ट आठवड्याला एकदा आपणच आवळायचे, पाना घरात ठेवा.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. गाडी उन्हात ठेवली तर पाइप एवढा तापतो की कुत्र्याच्या मांडीला चटका बसेल आणि त्याला समजणारही नाही. गाडी सावलीत ठेवायची, चढवायच्या आधी स्वतःचा हात पाइपावर ठेवून बघायचा. रस्त्यावर हाताची उलटी बाजू सात-आठ सेकंद टेकवता येत नसेल तर पुढच्या पंजांनीही चालू नये. कांड्या सकाळी सातच्या आत फिरून येतो, संध्याकाळी दिवे लागल्यावर. दुपारी ओल्या टॉवेलावर, कुलरसमोर, आमच्या सासूबाईंच्या शेजारी. त्या आधी "घरात कुत्रं नको" म्हणायच्या. आता त्यांच्या मालिकेच्या वेळेत मी त्याची लघवी काढायला उचलला तर मला "नंतर ने की" म्हणतात.

जाणार असाल तर कुत्रं न्या, एक्स-रे न्या, डॉक्टरांनी गाडीला हो म्हटलंय याची खात्री करून न्या. मोडलेल्या कण्याला आराम हवा असताना आठवडाभरात गाडीत उभं करायचं नसतं, आणि मिस्त्री आता ते विचारतातच. रेबीजची लस झालेली असू द्या, अनोळखी माणसं धरणार आहेत. तोंड बांधायला मऊ पट्टी न्या. मूत्रपिशवी घरूनच रिकामी करून जा, माप घेताना कंबर उचलली की सगळं मिस्त्रींच्या अंगावर येतं. त्यांना राग येत नाही, पण तेलुगूत बोलतात. अर्धे पैसे आधी, अर्धे कुत्रं चालल्यावर. बेअरिंग वर्षभरानं बदलावं लागतं, त्याचे वेगळे घेतात आणि थांबवून ठेवत नाहीत, तिथल्या तिथं बसवून देतात. खोळ हवी असेल तर त्यांच्याकडेच सांगा, दोनचा जोड घ्या, एकीनं भागत नाही.